चेहरा उचलण्यापूर्वीं

अमक्या रेल्वेस्थानकास ‘फेसलिफ्ट’ मिळणार, तमक्या मंडईचें ‘फेसलिफ्ट’ निधीअभावीं रखडलें, असे मथळे आपण वर्तमानपत्रांत नेहमीं वाचतों. अनुभवानें आपणांस हेंही ठाऊक झालेलें असतें कीं, ज्या इमारतीच्या वांट्यास हें भाग्य येतें तिच्या दर्शनी भिंतीस रंग लागतो, दारावर एक कमान उभी राहते, आणि आंतला गळका नळ पूर्वींप्रमाणेंच गळत राहतो. मूळ शब्द माणसाच्या चेहऱ्याचा. तो इमारतींनीं उसना नेला. आतां तो व्याजासकट परत येत आहे असें दिसतें. कारण, जी शस्त्रक्रिया केवळ सिनेमांतल्या मंडळींची म्हणून आपण ऐकत होतों, तिची चौकशी आतां आपल्या ओळखीच्या घरांतून, निवृत्तिवेतन घेणाऱ्या आणि भिशी लावणाऱ्या घरांतून, हलक्या आवाजांत होऊं लागली आहे.

मराठींत या शस्त्रक्रियेस अजून नांव नाहीं. ‘मुखोन्नति’ म्हणावें तर एखाद्या सरकारी योजनेचा भास होतो. ‘चेहरा उचलणें’ म्हणावें तर चोरीचा. ज्या व्याधीवर हा उपाय आहे तिला मात्र आमच्या पूर्वजांनीं ‘वलीपलित’ असें जोडनांव देऊन ठेविलें आहे. वली म्हणजे सुरकुत्या, आणि पलित म्हणजे केसांचें पिकणें. या जोडीपैकीं दुसऱ्या भावंडाशीं आपण केव्हांच तह करून टाकला. केसांस कलप लावणाऱ्या गृहस्थास आज कोणी दांभिक म्हणत नाहीं. आमच्या महाविद्यालयाच्या अध्यापक-दालनांत तर पिकलेलें डोकें शोधूनच काढावें लागतें. मग पलिताला क्षमा आणि वलीला मात्र दोष, हा न्याय कोठला? नीतीच्या दृष्टीनें या दोहोंत आम्हांस कांहींच अंतर दिसत नाहीं. अंतर आहे तें व्यवहाराचें. कलप महिन्याभरांत उतरतो. सुरीनें ओढलेली रेघ उतरत नाहीं.

रघुवंशाच्या बाराव्या सर्गाच्या आरंभीं दशरथ राजाच्या कानाच्या मुळाशीं एक पांढरा केस दिसूं लागतो. कालिदासाची कल्पना अशी कीं, त्या केसाच्या मिषानें प्रत्यक्ष जराच राजाच्या कानाशीं आली, आणि जणूं कैकेयीस ऐकूं जाईल या भीतीनें हळूच कुजबुजली कीं, आतां राज्यलक्ष्मी रामाच्या स्वाधीन कर. हा श्लोक आम्ही विद्यार्थिदशेपासून जाणतों. परंतु शल्यविद्येच्या पुस्तकांतील आकृति समोर येईपर्यंत, सर्जनची सुरीही नेमकी त्याच स्थळीं लागते हें आमच्या ध्यानांत येण्याचें कारण नव्हतें. कानशिलावरच्या केसांतून ती निघते, कानाच्या पुढून खालीं येते, पाळीस वळसा घालून मागें जाते आणि मानेवरच्या केसांत दडते. जरेनें जेथें येऊन निरोप सांगितला, तेथेंच तो पुसून टाकण्याची ही खटपट!

असल्या आकृति पाहण्याचा प्रसंग आम्हांवर आला तो आमच्या धाकट्या बहिणीमुळें. ती आमच्याहून तीन वर्षांनीं लहान. तिला चौपन्नावें चालूं आहे. बँकेंत बावीस वर्षें नोकरी करून तिनें मुदतीपूर्वींच निवृत्ति घेतली, ती आमच्या आईच्या दुखण्यासाठीं. आमचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आणि जिना अरुंद. तिचें घर तळमजल्यावर. म्हणून आईचें अंथरूण सहा वर्षें तिच्याकडे होतें. आई जाऊन आतां दोन वर्षें होतील. गेल्या श्रावणांत एके दिवशीं ती आम्हांस म्हणाली, “दादा, तूं इतकीं इंग्रजी पुस्तकें वाचतोस, हें फेसलिफ्ट म्हणजे काय असतें तें एकदां नीट वाचून मला सांग. करायचें कीं नाहीं तें मी ठरवीन.” शेवटचें वाक्य तिनें मुद्दाम जोडलें होतें. तिच्या यजमानांस तिनें आधींच विचारलें होतें, आणि त्यांनीं वर्तमानपत्रांतून मान वर न करतां, “आहेस तशी बरी आहेस कीं,” असा अभिप्राय दिला होता. या अभिप्रायानेंच तिचा निश्चय अर्धाअधिक पक्का झाला असावा, असा आमचा तर्क आहे.

वाचूं लागल्यावर पहिलें आश्चर्य हें कीं, या विद्येची आधुनिक कथा आमच्याच पुण्याच्या परिसरांतून सुरू होते. सुश्रुताचें नांव या संबंधांत नेहमीं घेतलें जातें आणि तें योग्यच आहे. परंतु युरोपचे डोळे उघडले ते एका मराठी गाडीवानाच्या नाकानें. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ या मासिकांत एक पत्र छापून आलें. कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकीत असे. १७९२ सालच्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि टिपूनें त्याचें नाक व एक हात कापून टाकविला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून हिंडला. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या ज्ञातीच्या एका माणसानें त्यास नवें नाक बसवून दिलें. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याचें माप घ्यावयाचें, तो पत्रा कपाळावर सपाट ठेवून भोंवतीं रेघ मारावयाची, तेवढी कातडी मुळाशीं जोडलेलीच ठेवून सोडवावयाची आणि खालीं वळवून लावावयाची, अशी ती रीत. मुंबई इलाख्याच्या क्रूसो व फिंडले या दोन डॉक्टरांनीं ती प्रत्यक्ष पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकारानें कावसजीची तसबीर काढली. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनीं १८१४ सालीं या रीतीनें नाक करून पाहिलें आणि १८१६ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. डॉक्टरांचीं, चित्रकाराचें, खुद्द बैल हांकणाऱ्याचें, अशीं सर्वांचीं नांवें या हकीकतींत आहेत. ज्यानें नाक केलें त्या विटाऱ्याचें तेवढें नाहीं.

आमच्या बहिणीनें ही हकीकत लक्षपूर्वक ऐकली आणि म्हटलें, “त्याला नाक नव्हतें रे. मला सगळें आहे. जागेवर नाहीं इतकेंच.”

सरकारचाही हिशेब असाच आहे. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर लागूं झाला, तेव्हां वैद्यकीय सेवा करांतून वगळण्यांत आल्या. परंतु केस रोवणें आणि रूपासाठीं केलेली शस्त्रक्रिया यांस ती सूट मिळाली नाहीं. जन्मजात व्यंग, वाढींतला दोष, इजा किंवा अपघात यांनीं बिघडलेलें अंग पूर्ववत् करावयाचें असेल तरच सूट. म्हणजे कावसजीचें नाक करमुक्त ठरलें असतें. आमच्या बहिणीच्या हनुवटीवर कर पडेल. आरोग्यविम्याच्या कंपन्यांचाही न्याय साधारणपणें हाच असल्यामुळें, सारा खर्च पदरचा, हें प्रथमच समजून असावें.

तथापि ही सीमारेषा कायद्यांत जितकी ठळक आहे तितकी इतिहासांत नाहीं. बर्लिनचे ऑयगेन हॉलेंडर यांनीं १९०१ सालीं एका खानदानी पोलिश बाईच्या आग्रहास्तव तिच्या चेहऱ्याच्या कडेची कातडी कापून टांके घातले, तेथून या शस्त्रक्रियेचा आरंभ मानतात. हें काम निव्वळ रूपाचें. पण पुढें पहिलें महायुद्ध आलें. खंदकांत शरीर झांकलेलें आणि डोकें तेवढें उघडें, त्यामुळें गाल आणि जबडे उडालेले तरुण हजारोंनीं परत आले. इंग्लंडांत सिडकप येथें १९१७ सालीं निघालेल्या रुग्णालयांत हॅरॉल्ड गिलीज यांनीं असे चेहरे पुन्हा उभे केले. आणि फ्रान्सांत तेंच काम करणाऱ्यांत सुझान नोएल या बाई होत्या. १९१२ सालीं सारा बर्नहार्ट ही विख्यात नटी अमेरिकेहून चेहरा ताणून घेऊन आली, तेव्हांपासून नोएलबाईंस या विषयाची गोडी लागली होती. सैनिकांवर हात बसल्यावर तोच हात त्यांनीं पॅरिसच्या प्रौढ स्त्रियांच्या उपयोगीं लाविला, आणि १९२६ सालीं या शस्त्रक्रियेच्या सामाजिक कार्याविषयीं पुस्तक लिहिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: केवळ वय दिसतें म्हणून बाईची नोकरी जाते, तेथें सुरकुत्या काढणें हा विलास नसून पोटाचा प्रश्न आहे. बाई स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झटणाऱ्या होत्या, एवढें सांगितलें म्हणजे त्यांच्या लिखाणाची धार कळेल. चेहरा ताणून घेणारी स्त्री म्हणजे पुरुषांच्या नजरेची दासी, असें जें आपण एका दमांत म्हणून टाकतों, त्यास हें उदाहरण चांगलेंच आडवें येतें.

आमच्या बहिणीपुढें पोटाचा प्रश्न नाहीं. मग काय आहे, हें आम्हीं तिला सरळ विचारलें. लोकांनीं तरुण म्हणावें, अशी इच्छा आहे काय? ती कांहीं वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, “लोकांचें नाहीं रे. सकाळीं तोंड धुवायला आरशासमोर उभी राहिलें कीं आई दिसते. चांगली असतांनाची नव्हे; शेवटच्या वर्षांतली. सहा वर्षें मी तें तोंड पुसलें. आतां तेंच रोज सकाळीं पुन्हा पुसायचें, तें मला होत नाहीं.”

यावर कोणतें इंग्रजी पुस्तक उपयोगीं पडणार? आमची स्वतःची गोष्ट नेमकी उलट होती. आमच्याकडे वडिलांचें नाक आणि वडिलांचेंच टक्कल आलें. आईचा चेहरा आतां या पृथ्वीवर उरला आहे तो आमच्या बहिणीच्या ठायीं. सणावारीं ती दारांत उभी राहून “ये रे” म्हणते, तेव्हां क्षणभर कांहींच हरपलें नाहीं असें वाटतें. त्या चेहऱ्यावर आपलाही कांहीं हक्क आहे, असें मनांत येऊन गेलें. परंतु दुसऱ्याच्या गालावर असला हक्क कोणत्याही कायद्यांत बसत नाहीं, आणि ज्यानें तें तोंड सहा वर्षें पुसलें नाहीं त्यानें तर तो सांगूंच नये. आम्हीं तो बोलून दाखविला नाहीं.

च्यवन ऋषींची कथा मात्र आम्हांस राहून राहून आठवूं लागली. च्यवनप्राश घरोघर खातात. कथा थोड्यांस ठाऊक असते. महाभारताच्या वनपर्वांत ती आहे. अश्विनीकुमारांनीं त्या जराजर्जर ऋषीस सरोवरांत बुडी मारावयास लाविलें, आणि पाण्यांतून एकसारखे दिसणारे तीन तरुण बाहेर आले. यांतला तुझा नवरा कोणता तें ओळख, अशी सुकन्येची परीक्षा! तिनें ओळखलें, पण कथाकारास हा प्रसंग घालावासा वाटला यांत पुष्कळ आलें. रूप परत मिळाल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो ओळखीचा.

परंतु अश्विनीकुमारांची सर आजच्या सर्जनांस नाहीं, आणि ही गोष्ट, आमच्या मतें, या प्रकरणांत सर्वांत आधीं समजून घेण्याजोगी आहे. लोकांची अशी समजूत असते कीं, या शस्त्रक्रियेनें सबंध चेहरा नवा होतो. वस्तुतः तिचा अंमल मुख्यतः गालांच्या खालच्या भागावर, जबड्याच्या कडेवर आणि मानेवर चालतो. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या पापण्या, डोळ्यांखालचें काळें, ओंठांवरच्या बारीक उभ्या रेषा, उन्हानें पडलेले डाग, यांपैकीं कांहींही तिनें जात नाहीं. त्यांस निराळे उपाय, निराळा खर्च आणि निराळे धोके आहेत. नाकापासून ओंठांच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या घड्या थोड्या सौम्य होतात, नाहींशा होत नाहींत. आणि वय वाढलें म्हणजे कातडी नुसती सैल होत नाहीं; आंतली चरबी आणि हाडही झिजतें. जें ओघळलें तें ओढतां येतें. जें आटलें तें ओढून भरत नाहीं. उलट, रिकामी झालेली जागा फार ताणली म्हणजे जो वाऱ्यावर धरल्यासारखा चेहरा होतो, तो परदेशी नटनट्यांच्या छायाचित्रांत आपण पाहिलेलाच आहे.

ओढण्याचेंही शास्त्र आहे. प्रारंभीं सर्जन केवळ कातडी ओढीत. कातडी ही लवचिक वस्तु. ती थोड्याच काळांत पुन्हा सैल पडे. उशींतला कापूस एका बाजूस गोळा झाला असतां नुसता अभ्रा ताणून बसविण्यासारखा हा प्रकार. १९७६ सालीं मिट्झ आणि पेरोनी या दोघां फ्रेंच शल्यवैद्यांनीं कातडीखालीं स्नायूंना लागून असलेल्या एका चिवट पडद्याचें नीट वर्णन केलें. तेव्हांपासून भार त्या पडद्यावर घालावयाचा आणि वरची कातडी न ताणतां, केवळ वाढीव असेल तेवढी कापून, बसवावयाची, अशी पद्धत रूढ झाली. त्याहूनही खोल जाणाऱ्या रीति आहेत. कोणती रीत श्रेष्ठ याबद्दल सर्जनांत पुष्कळ वाद आहेत. त्यांत आपण पडूं नये. आपल्यास विचारावयाचें तें एवढेंच कीं, ओढ कातडीवर आहे कीं आंतल्या पडद्यावर. कातडीवर ओढ असली म्हणजे व्रण रुंद होतो, आणि कानाची पाळी खालीं ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते. आयुष्यभर कुड्या घालणाऱ्या आपल्या बायकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाहीं.

आतां लाभाचें माप. २०१३ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत ४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वींचीं व नंतरचीं छायाचित्रें तिऱ्हाईतांस दाखवून, हें माणूस किती वर्षांचें असेल आणि किती आकर्षक आहे, असें त्यांस विचारलें. वय सरासरीनें ३.१ वर्षांनीं कमी वाटलें. आकर्षकपणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. हा आंकडा आम्हीं बहिणीस सांगितला तेव्हां ती म्हणाली, “तीन वर्षें? म्हणजे आई गेली त्याच्या आधींचें एक वर्ष!” हिशेब बरोबर होता. सरासरीच्या पोटांत कांहींना दहा वर्षें मिळत असतील आणि कांहींना शून्य, हें खरें; तरी लाखालाखांचा खर्च करणाऱ्यानें ३.१ हा आंकडा आरशाच्या चौकटींत लिहून ठेवावा. आणि मिळालेलें तें थांबूनही राहत नाहीं. घड्याळ मागें नेतां येतें, बंद करतां येत नाहीं. सात-दहा वर्षांत चेहरा आपल्या वाटेनें पुन्हा पुढें जातोच.

जिज्ञासूंनीं एक फुकटचा प्रयोग करून पाहावा. उताणें निजून हातांतला आरसा तोंडावर धरावा. गाल आपोआप कानांकडे सरकतात, आणि शस्त्रक्रियेचा सुमारें अंदाज येतो. आम्हींही तो केला. घरांतील मंडळी त्याच वेळीं खोलींत आली, आणि कांहीं न बोलतां दार लोटून घेऊन गेली. पुरुषांच्या बाबतींत तर एक निराळीच अडचण आहे: दाढीची कातडी मागें सरकते, आणि पुढें कानामागेंही वस्तरा फिरवावा लागण्याचा संभव असतो. आम्हीं आरसा खुंटीस अडकवून दिला.

धोक्यांविषयीं मात्र थट्टा नको. सर्वांत नेहमींचा धोका म्हणजे कातडीखालीं रक्त सांचणें. तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत येतो, पुरुषांत अधिक, आणि रक्तदाब चढलेला असेल तर फारच अधिक. रक्त वेळेवर काढलें नाहीं तर वरची कातडी मरते. दुसरा धोका चेहऱ्याच्या मज्जातंतूंचा. भिंवई उचलणें, हंसणें, ओंठ मिटणें, हीं सारीं कामें ज्या तंतूंवर चालतात ते सुरीच्या अगदीं शेजारून जातात. दुखावले तरी ते बहुधा कांहीं महिन्यांत सुधारतात. कायमचा अधूपणा शंभरांत एकाहूनही कमी जणांस येतो. पण त्या एकाचें हंसू वांकडें होतें. कानाची व गालाची बधिरता महिनोन्महिने राहते, क्वचित् कानाची कायमचीही. आपल्या सांवळ्या कातडीवर व्रण जाड होण्याचा किंवा काळा पडण्याचा संभव गोऱ्या लोकांहून जास्त. पूर्वींच्या एखाद्या टांक्याचा किंवा टोंचलेल्या कानाचा व्रण फुगला असेल तर तें सर्जनला आवर्जून दाखवावें.

तंबाखूनें कातडीचा रक्तपुरवठा आटतो आणि कानामागची कडा काळी पडून सडते. म्हणून कित्येक आठवडे आधींपासून ती पूर्णपणें सोडावी लागते. येथें सिगारेट ओढणारे पुरुष निदान कबूल तरी करतात. मिश्री लावणाऱ्या आणि तपकीर ओढणाऱ्या आमच्या माम्या-मावश्या “तंबाखू? छे बाई!” असें म्हणतात, मिश्री ही जाळलेली तंबाखूच होय, हें त्यांच्या गांवींही नसतें. ॲस्पिरिन, लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या गोळ्या, यांनीं रक्त पातळ राहतें; त्या घेत असल्यास सांगाव्या. हृदयासाठीं दिलेलें औषध मात्र स्वतःच्या मनानें कधींही बंद करूं नये. तें ज्या डॉक्टरनें दिलें त्यालाच विचारावें.

आणि भूल. ऑलिव्हिया गोल्डस्मिथ या अमेरिकन लेखिकेनें १९९२ सालीं एक कादंबरी लिहिली. नवऱ्यांनीं तरुण बायकांसाठीं टाकलेल्या प्रौढ पत्नींनीं त्यांचा सूड कसा घेतला, तें तीत आहे. पुढें तिचा बोलपटही निघाला. हीच लेखिका २००४ च्या जानेवारींत हनुवटीखालची सैल कातडी काढून घेण्यासाठीं न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयांत गेली. भूल देतांना प्रकृति बिघडली, ती बेशुद्ध झाली आणि शुद्धीवर न येतां कांहीं दिवसांनीं वारली. असें क्वचितच घडतें. पण म्हणूनच शस्त्रक्रिया कोठें करावयाची, भूलतज्ज्ञ स्वतंत्र व हजर असेल काय, अडचण आल्यास तेथेंच सर्व साधनें आहेत काय, हे प्रश्न दिवाणखान्यासारख्या सजविलेल्या दवाखान्यांतल्या मऊ कोंचावर बसूनही विचारावेच लागतात. आमच्या बहिणीनें प्रथम ज्या ठिकाणीं चौकशी केली तेथें तिच्या प्रकृतीविषयीं एकही प्रश्न न विचारतां तिला सवलतीची मुदत सांगण्यांत आली. ती चहा न घेतां उठून आली.

पुढें ज्या सर्जनकडे आम्ही दोघें गेलों ते प्लास्टिक सर्जरीचे एम. सीएच. होते. ही तीन अक्षरें पाटीवर शोधावीं, अथवा त्याच विषयांतील डी. एन. बी. ही पदवी, ‘सौंदर्यतज्ज्ञ’ या शब्दास कांहीं अर्थ नाहीं. नोंदणी राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे पडताळून पाहतां येते. छायाचित्रें दाखविलीं तर तीं वर्षानंतरचीं मागावीं. आधीं खालून उजेड आणि उदास तोंड, नंतर समोरून उजेड, उचललेली हनुवटी आणि हंसू, एवढ्यानेंही पुष्कळ काम होतें.

या गृहस्थांनीं तिच्या हातीं आरसा दिला आणि म्हटलें, “तुम्हांला जें नको आहे त्यावर बोट ठेवा.” तिनें प्रथम डोळ्यांखालीं बोट ठेविलें, मग खोल गेलेल्या कानशिलावर, मग गालाच्या वरच्या खळग्यावर. ते शांतपणें म्हणाले, “यांतलें एकही माझ्या शस्त्रक्रियेनें जाणार नाहीं.” मग त्यांनीं तिच्या जबड्याच्या कडेवरून आणि मानेवरून बोट फिरविलें. “माझें काम येथून येथपर्यंत.”

आम्ही आमच्या बहिणीकडे पाहत होतों. आई राहत होती ती डोळ्यांखालीं आणि कानशिलांत, मानेंत नव्हे. हें तिच्याही ध्यानांत आलेलें दिसलें. तिनें आरसा पुन्हा वर धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाली, “मग डोळे राहूं द्या. मान करूं या.” सर्जननीं विचारलें, “मान कोणासाठीं?” ती म्हणाली, “मान माझी आहे.” सर्जन हंसले, आम्हांसही हंसूं आलें, आणि त्याबरोबर दुसरेंही कांहीं आलें, तें आम्हीं खिडकीकडे पाहून निभावून नेलें.

तिचा रक्तदाब त्या दिवशीं १६० च्या वर निघाला. तीन महिने गोळ्या घेऊन तो ताब्यांत आल्याखेरीज आपण हात लावणार नाहीं, असें सर्जननीं बजावलें. तेव्हां निर्णय, म्हटला तर झाला आहे आणि म्हटला तर नाहीं. लोकांस काय सांगावयाचें, हा प्रश्न तिच्या यजमानांनीं काढला. आमच्या वर्गांत अशा वेळीं दोन-तीन आठवडे यात्रेस जाण्याची वहिवाट आहे. सूज आणि काळेनिळेपणा ओसरायला तेवढेच दिवस लागतात, ही यात्रेची मोठीच सोय. बहिणीनें कोठेंही जाणार नाहीं असें सांगितलें. विचारील त्याला मान शिवून घेतली म्हणून सांगेन, असें ती म्हणते.

दिवाळीनंतरचा एक दिवस पेन्सिलीनें लिहून ठेविला आहे. रुग्णालयाच्या कागदांवर एक रकाना असतो: पहिल्या रात्रीं रुग्णाजवळ कोण राहील? रुग्णाचें डोकें उंच ठेवावयाचें, तिला खोकूं किंवा वांकूं द्यावयाचें नाहीं, आणि एका गालाची किंवा मानेच्या एका बाजूची सूज दुसरीहून एकाएकीं वाढली, अथवा एकाच बाजूस ठणका लागला, तर सकाळची वाट न पाहतां सर्जनला उठवावयाचें, एवढें त्या माणसाचें काम. तिनें त्या रकान्यांत यजमानांस न विचारतां आमचें नांव घातलें, आणि वर आम्हांस ऐकूं जाईल अशा बेतानें परिचारिकेस सांगितलें, “याला झोप फार लवकर लागते. आईच्या वेळीं मी दर दोन तासांनीं उठत असें; याला सवय नाहीं.” आम्हीं घरीं आल्यावर माळ्यावरचें जुनें गजराचें घड्याळ खालीं काढलें. तें चालत नव्हतें. तुळशीबागेजवळच्या घड्याळजीकडे टाकलें आहे.